अभिप्रायाचा आहेर

लिहिणाऱ्या बाईला घरात वाचक मिळत नाही. नवरा ‘छान आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा डोळा स्कोअरवर असतो, आणि सासूबाई ‘आमच्याबद्दल काही नाही ना?’ एवढंच विचारतात. म्हणून मैत्रिणीने मला ठाणे-नवी मुंबईतल्या लिहित्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं तेव्हा हायसं वाटलं. आता मोकळा अभिप्राय मिळणार. (मोकळा अभिप्राय मागणाऱ्याला खरं काय हवं असतं, ते लिहिणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. असो.)

ॲडमिन नौपाड्याचे निवृत्त सर. त्यांचं स्वागतपर निवेदन दोन स्क्रीनभर. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे 1893 पासून आहे, 84वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2010 साली ठाण्यातच भरलं, तेव्हा गावाला शोभेल असंच लिहावे. खाली नियम: सुप्रभात नको, राजकारण नको, फॉरवर्ड नको. शनिवारी एकाने लेखन टाकायचं, बाकीच्यांनी रविवार रात्रीपर्यंत बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला गुलाब सरांचाच आला.

माझा नंबर लागला तेव्हा मी ठाणे-वाशी लोकलमधल्या चौथ्या सीटवर लिहिलं. तिघींच्या बाकावर उरलेली चार बोटं जागा, ती चौथी सीट. ‘जरा सरकता का’ म्हटलं की तिघी मिळून फक्त ओढण्या सरकवतात. मग एक पाय मधल्या वाटेत रोवायचा, पर्स पोटाशी धरायची आणि अर्ध्या अंगाने बसून कोपरखैरण्यापर्यंत बसल्याचं समाधान मानायचं. लेख मला स्वतःला फार आवडला होता.

ग्रुपवर मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणीकुणी वाचलं त्याची यादी दिसते. ज्याने ही सोय केली त्याने जन्मात ललित लेख लिहिला नसणार. यादी वाढत होती, बोलत कुणीच नव्हतं.

पहिले बोलले ऐरोलीचे इंजिनिअर. ‘मॅडम, ठाण्यानंतर थेट ऐरोली नाही. आधी दिघा गाव लागतं. जानेवारी 2024 पासून गाडी थांबते.’ लेखात बाईची कंबर मोडत होती, त्याबद्दल काही नाही. मग एका काकांना माझा ‘आणि’ ऱ्हस्व दिसला. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, असा त्यांचा आग्रह. दुसरे धावून आले: ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद आहेत, नियम वाचा. सरांनी अठराच्या अठरा नियमांची पीडीएफ टाकली. रविवारची जेवणं होईपर्यंत वाद पेटलेला होता, आणि त्यात माझी चौथी सीटसुद्धा गेली.

वर्तकनगरच्या गझलकारांनी मात्र ‘व्वा, क्या बात!’ लिहून गुच्छ दिला होता. कौतुक लेख पडला त्याच मिनिटाला आलेलं, हे नंतर लक्षात आलं. उलगडा पुढच्या शनिवारी झाला. गझल पडायच्या आधी त्यांचा खासगी मेसेज: ‘ताई, लक्ष असू द्या.’ म्हणजे हा लग्नातला आहेर होता! कुणी काय केलं याची वही ज्याच्या त्याच्याकडे. दोन ओळींना दोन ओळी, नुसत्या अंगठ्याला अंगठा. ‘ओघवती शैली’ तर आहेरातल्या स्टीलच्या डब्यासारखी या घरून त्या घरी फिरते. मी ती एका कवितेवर, एका प्रवासवर्णनावर आणि एका मृत्युलेखावर पाहिली आहे.

लेख खरा वाचला तो कोपरीच्या काकूंनी. टाइप करायचा कंटाळा, म्हणून व्हॉइस नोट. मागे फोडणी चुरचुरत होती. ‘दुसरा परिच्छेद उगीच घातलायस,’ म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं, पण ते दुसऱ्या कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं. ‘आणि बाकावरच्या तिघी सारख्याच खडूस कशा गं? एखादीला तरी जरा बरी कर.’ मी पेन उघडलं. ‘आता खरं सांगू? शेवट मात्र...’ आणि कुकरची शिट्टी झाली. चांगली लांबलचक. ती थांबली तेव्हा काकू म्हणत होत्या, ‘...एवढं केलंस की झालं. ठेवते.’

व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐकता येते. दुप्पट वेगाने शिट्टी आणखीच कर्कश वाटते, एवढंच कळलं. शेवटी फोन केला.

‘काकू, शेवटाबद्दल काय म्हणालात?’

‘सगळं सांगितलंय की त्यात. नीट ऐकलं नाहीस का?’ मग आवाज खाली आला. ‘बरं झालं फोन केलास. माझी कादंबरी आहे. चारशेच पानं आहेत. तुझ्यासारखं कुणीतरी वाचायला हवं.’

फोन ठेवायच्या आत पीडीएफ आली. आहेर झाला होता, फेड करणं भाग होतं. रात्री भांडी आवरून बसले. पहिल्याच पानावर, 1995 सालच्या पावसाळ्यात, नायिका डोळे पुसत ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये चढते. प्रसंग फार चांगला उतरलाय. पाऊस, भिजलेली छत्री, सगळं डोळ्यांसमोर येतं.

मी लगेच लिहायला घेतलं: ‘काकू, ठाणे-वाशी लोकल 2004 साली सुरू झाली.’