अस्तित्ववादी व्हायचंय? आधी साखरपुडा मोडा

अस्तित्ववादाचे जनक मानल्या जाणाऱ्या, डेन्मार्कच्या सोरेन किर्केगार्डसारखे ख्रिस्ती तत्त्वज्ञ व्हायची हौस असेल, तर सुरुवात वडिलांपासून करा. ते श्रीमंतही हवेत आणि खिन्नही. सोरेनच्या वडिलांनी लहानपणी डेन्मार्कमधल्या जटलंडच्या माळावर मेंढ्या राखताना थंडीभुकेने कावून देवाला शिव्या घातल्या होत्या. पुढे कोपनहेगनमध्ये लोकरीच्या व्यापारात ते गबर झाले, पण देव मुलांवर सूड उगवणार ही धास्ती काही गेली नाही. सातांपैकी पाच मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १८१३ साली जन्मलेल्या धाकट्या सोरेनला वारशात ही धास्ती आणि भरपूर पैसा, दोन्ही मिळालं. नोकरीची कटकट मिटली.

आता साखरपुडा. सप्टेंबर १८४० मध्ये रेगीने ओल्सेनशी ठरवा, वर्षभरात अंगठी परत पाठवा. तिने गयावया केली तरी बधू नका. उलट हलकट असल्याचं सोंग करा, म्हणजे तिला सुटल्यासारखं वाटेल. (तिला तसं वाटेलच असं नाही.) खरं कारण मात्र कुणाला सांगू नका, पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांच्या पोटावर पाय येईल. मग बर्लिनला जाऊन जर्मन तत्त्वज्ञ शेलिंगची व्याख्यानं ऐका, कंटाळा, परत या आणि लिहीत सुटा. स्वतःच्या नावाने नको. १८४३ च्या ‘एक तर हे, नाही तर ते’ या पुस्तकावर संपादक म्हणून ‘व्हिक्टर एरेमिटा’, ‘भय आणि कंप’वर आणखी कुणी. या दुसऱ्या पुस्तकात, बायबलमधला अब्राहम देवाच्या सांगण्यावरून पोटच्या पोराचा बळी द्यायला डोंगर चढतो, हे प्रवचन ऐकून घरी निवांत झोपणाऱ्यांना विचारा, झोप लागते तरी कशी?

एवढ्याने कुणी छळत नसेल तर विकतचं दुखणं घ्या. ‘कोर्सार’ हे टवाळ साप्ताहिक सगळ्यांची खिल्ली उडवत होतं. किर्केगार्डने स्वतःहून लिहिलं, मलाही सोडू नका. त्यांनी सोडलं नाही. विजारीचा एक पाय आखूड, एक लांब, अशी व्यंगचित्रं आली आणि रस्त्यावरची पोरंही त्याच्या पायांकडे बघू लागली.

चर्चशी भांडण मात्र शेवटासाठी राखून ठेवा. डॅनिश चर्चचे प्रमुख बिशप मुन्स्टर घरोब्यातले, म्हणून ते १८५४ मध्ये जाईपर्यंत थांबा. त्यांना कुणी ‘सत्याचा साक्षीदार’ (म्हणजे श्रद्धेपायी हाल सोसणारा) म्हटलं की तुटून पडा: सरकारी पगार, उत्तम जेवण आणि वर हुतात्म्यांच्या पंगतीत पाट? १८५५ मध्ये पदरमोड करून ‘क्षण’ नावाची पत्रकं काढा, सांगा की या देशात सगळेच ख्रिस्ती आहेत म्हणूनच एकही नाही. नऊ अंक निघेपर्यंत वडिलांचा पैसाही संपत येतो आणि तुम्हीही.

इस्पितळात मरणापूर्वीचा ख्रिस्ती प्रसाद (भाकर आणि द्राक्षारस) घ्यायचा तर सामान्य माणसाच्या हातून, पाद्र्याच्या नाही, असं बजावा. पाद्री असलेला सख्खा भाऊ भेटायला आला तर आत घेऊ नका. अर्थात तुम्ही गेल्यावर कॅथेड्रलमध्ये भाषण तोच करणार, पुरणारही चर्चच. कबरीपाशी यावर आरडाओरडा करायला एक भाचा लागतो. किर्केगार्डचा भाचा डॉक्टर होता आणि त्याला या गोंधळापायी दंड भरावा लागला. तेव्हा भाचा कमावता बघून ठेवा.