मोटर ठणठणीत, तरी म्हणे नवा मिक्सर घ्या

मोटर व्यवस्थित फिरतेय. वायर, स्विच, पाती, सगळं शाबूत. गेलाय फक्त कपलर. भांड्याच्या बुडाशी बसतो ना, तीस-चाळीस रुपयांचा दातेरी तुकडा, तो. दाते झिजून गुळगुळीत झालेत, त्यामुळे खाली मोटर गरगरते आणि वर खोबरं जागचं हलत नाही. एवढ्याशा कामासाठी काल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, तर काउंटरवरच्या मुलाने मिक्सरला हातसुद्धा लावला नाही. मॉडेल नंबर विचारला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

घेऊन टाका! कोथिंबिरीची जुडी आहे का ती? कोविडनंतर घेतलेला मिक्सर आहे. मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. ती दाखवली, तर म्हणे कपलर त्यात येत नाही. म्हणजे जे सहसा बिघडत नाही त्याची हमी, आणि जे झिजणारच आहे त्याचं नाव काढायचं नाही. बरं, नव्या मॉडेलचा कपलर दाखव म्हटलं, तर तो थोडा मोठा आणि त्याचे आटे वेगळे. का? त्याने चटणी जास्त बारीक होते का? भांडं कमी गळतं का? काहीही नाही. जुना मिक्सर मरावा एवढ्यासाठीच केलेला बदल आहे हा, आणि हे मी रागाच्या भरात नाही, पूर्ण विचार करून बोलतेय.

आईकडे अजून सुमीत कंपनीचा जुना मिक्सर आहे. कार्बन बदलले, बुश बदलले, एकदा वाइंडिंग करून घेतलं, आजही पुरण वाटतो. त्या मिक्सरचा जन्मच मुळी अशा वैतागातून झाला. 1960 च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन ब्राउन मिक्सर बंद पडला, इथे तो दुरुस्त होईना. मग त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या डाळी-मसाल्यांना पुरून उरेल असा मिक्सरच बनवला. त्या काळात पार्ट जर्मनीतून यायचा, तो नाही मिळाला हे समजू शकतं. आता माल इथलाच, कंपनीचं दुकान गावात, आणि तरी कपलर नाही!

कुकरचं बघा. रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचा स्क्रू, कोपऱ्यावरच्या भांडेवाल्याकडे सगळं टांगलेलं असतं. म्हणजे मनात असलं तर जमतं.

मोबाइलचंही तेच. पूर्वी मागचं झाकण नखाने उचकटून बॅटरी बदलायचो. आता गोंदाने चिकटवून ठेवतात, बॅटरी दमली की अख्खा फोन म्हातारा. बुटांचे सोल चिकटवलेले, चांभाराने शिवायचं म्हटलं तर टाके कशात घालायचे? आणि यावर कडी म्हणजे आपलीच माणसं. "अगं, आता कोण दुरुस्त करत बसतं?" असं जी बाई म्हणते ना, तिच्याशी मला बोलायचंच नाही. पुण्यात इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत कार्बन घासून, कॉइल गुंडाळून माणसं पिढ्यानपिढ्या पोट भरतायत. कौशल्य आहे त्यांच्या हातात. त्यांना पार्टच मिळू द्यायचे नाहीत आणि मग वर म्हणायचं, दुरुस्ती परवडत नाही.

फ्रान्समध्ये 2021 मध्ये वॉशिंग मशीन, लॅपटॉप, फोन यांच्यावर दुरुस्तीला किती सोपे याचे दहापैकी गुण दाखवणं बंधनकारक झालं. गुण देताना सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, हेही बघतात. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. मग 2024 मध्ये असेच गुण ठरवायला आणखी एक समिती, तिचा अहवाल 2025 मध्ये सादर. पोर्टलवर कंपन्यांचे फोन नंबर आहेत. नंबर मला काय करायचेत? वॅट छापता, आरपीएम छापता. त्याच खोक्यावर छापा, याचा कपलर अमुक सालापर्यंत मिळेल. आणि तोवर नाही दिला तर मिक्सरचे पूर्ण पैसे परत करा.