गॅलरीतल्या भिंतीवरचा मजकूर मराठीत का नाही?

दर महिन्याच्या सुरुवातीला माझ्या फोनवर चार-पाच गॅलऱ्यांचे मेल येतात. येत्या महिन्यात काय काय आहे त्याची यादी असते. कुठे नव्या चित्रांचं प्रदर्शन, कुठे संध्याकाळी साडेसहाला फिल्म आणि नंतर ती करणाऱ्याशी गप्पा, कुठे तीन तासांचा परफॉर्मन्स, म्हणजे कलाकार लोकांसमोर स्वतः काहीतरी करतो तो. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा. माझ्या ऑफिसातून चालत दहा-पंधरा मिनिटं. तिकीट नाही, बहुतेक ठिकाणी नावनोंदणीही नाही. आणि त्या सगळ्या मेलमध्ये मिळून मराठीची एक ओळ नसते.

मी डोंबिवलीला राहते आणि अकरा वर्षं फोर्टात नोकरी करते. चित्रकलेचं शिक्षण नाही. जे काही पाहिलं ते जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी अर्ध्या दिवसानंतर. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आतल्या गोटातलं नाही, बाहेरून आत गेलेल्या बाईचं आहे.

काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मी कॉलेजपासून जायचे. १९५२ सालापासून ती जागा आहे आणि तिथे आत शिरायला काही वाटतच नाही. फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, दार उघडं असतं, पाऊस आला म्हणून आत शिरलेला माणूसही दोन दालनं बघून जातो. पण खासगी गॅलरीचं तसं नाही. जुन्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, लाकडी जिना, वर बंद दार आणि दाराशी बेल. ती बेल वाजवायला मला दोन वर्षं लागली. कोणी अडवलं नव्हतं. वाटायचं, आपण काही विकत घेणार नाही, मग कशाला जायचं. नंतर कळलं की प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं आणि त्यातला बराचसा काळ त्या खोल्या रिकाम्या असतात. दुपारी दोन वाजता आत गेलं तर बऱ्याचदा आपण, चित्रं आणि दाराशी बसलेला सुरक्षारक्षक, एवढेच असतो.

त्या सुरक्षारक्षकांपैकी एकामुळे मी हे लिहितेय.

गॅलरीचं नाव लिहीत नाही. आतल्या काळा पडदा लावलेल्या खोलीत एक व्हिडिओ चालू होता, चौदा मिनिटांचा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. मिठागरात काम करणारी एक बाई. लांब दांड्याच्या फळीने ती मीठ ओढते, ढीग करते, पुन्हा ओढते. संवाद नाहीत. मी सहा-सात मिनिटं बघून निघाले, तर पडद्याशी स्टुलावर बसलेला माणूस म्हणाला, "मॅडम, शेवटपर्यंत थांबा. ती फळी खाली ठेवते ना, त्याच्यानंतर तिचे हात बघा."

मी थांबले. फळी ठेवल्यावर ती बाई तळहात साडीला पुसते आणि मग बोटं सरळ करायचा प्रयत्न करते. ती पूर्ण सरळ होत नाहीत. चार-पाच सेकंदांचा तुकडा असेल. मी एकटीने बघितलं असतं तर माझ्या लक्षातही आला नसता.

तो उरणचा होता. त्याची आत्या मिठागरात होती. पाच आठवडे रोज आठ तास तो त्या व्हिडिओशेजारी बसला होता. त्याच्याइतका तो कोणीच पाहिला नसेल, करणाऱ्याने सोडून. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "हे काय लिहिलंय हो तिच्याबद्दल?"

भिंतीवर चार परिच्छेद होते, इंग्रजीत. मी म्हटलं, वाचून दाखवते. पहिली दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्याला अडले. मला इंग्रजी येतं, दिवसभर इंग्रजीतच पत्रव्यवहार करते. पण ते वाक्य मराठीत आणायला गेले तर हाताला काही लागेना. नुसती नामं होती, एकमेकांना जोडलेली. कोणी काय केलं, हे त्यात कुठेच नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुमच्या आत्यासारख्या बायकांचं काम आहे, आणि आता मिठागरं बुजवून तिथे इमारती येतायत, त्याबद्दल आहे." तो म्हणाला, "एवढंच ना? मग असंच लिहायचं."

तेव्हापासून मी एक करते. आलेला मेल घरी जाऊन मराठीत लिहून काढते आणि आमच्या सोसायटीच्या आणि ऑफिसच्या अशा दोन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. तीन वर्षं झाली. हे करताना एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. ज्या कामात दम असतो त्याबद्दल मराठीत सरळ लिहिता येतं.

प्रभाकर पाचपुते घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा चित्रकार. गाव कोळशाच्या खाणीला लागून, घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या खाणीत. तो कोळशानेच चित्रं काढतो, कित्येकदा थेट भिंतीवर, छतापर्यंत. त्याच्या चित्रातल्या माणसांना डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी झाडाचा बुंधा, कधी एखादं अवजार. २०२२ साली त्याचं काम व्हेनिसच्या बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं. आता मी वर जी वाक्यं लिहिली त्यातलं एकही समजायला अवघड आहे का? सास्तीचा, राजुऱ्याचा, बल्लारपूरचा कोणीही वाचेल आणि पुढची गोष्ट तोच सांगेल.

अमोल पाटील मुंबईचा. आजोबा पोवाडे रचायचे, वडील नाटकं लिहायचे, तीही कामगारांची. त्याच्या कामात चाळ आहे, सफाई कामगार आहेत, त्यांच्या अंगावरची धूळ आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला डॉक्युमेंटा नावाचं प्रदर्शन झालं. दर पाच वर्षांनी भरणारं, जगभरातून लोक येतात असं. तिथे त्याचं काम होतं. आणि तिथला मजकूर जर्मनमध्ये होता, इंग्रजीतही होता. म्हणजे मुंबईच्या चाळीबद्दल कासेलच्या माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळालं. चाळीतल्या माणसाला मुंबईच्या गॅलरीत ते का मिळू नये? हा प्रश्न मला खरंच झोपू देत नाही.

मी एका गॅलरीला हे लिहून विचारलं होतं. उत्तर सभ्य होतं: आमचा प्रेक्षक इंग्रजी वाचणारा आहे. असणारच. ज्यांना वाचता येत नाही ते एकदा येतात, भिंतीकडे बघतात आणि पुन्हा येत नाहीत. मग उरतात ते इंग्रजी वाचणारे. त्या गॅलरीत काम करणारे सगळे माझ्याशी नीट वागले आहेत, राग माणसांवर नाही. पण दाराशी बसलेला माणूस उरणचा, भिंत रंगवणारा रत्नागिरीचा, चित्राचा विषय चंद्रपूरचा, आणि या तिघांपैकी कुणालाही कळेल असा एक कागद तिथे नाही, हे मला पटत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं की समकालीन कलेला मराठीत शब्दच नाहीत. हे खोटं आहे. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी १९९० साली चित्रातल्या रिकाम्या जागेबद्दल, वस्तूबद्दल, आकाराबद्दल आख्खं पुस्तक मराठीत लिहिलं. अमूर्ताबद्दल इतकं नितळ गद्य मी इंग्रजीतही क्वचित वाचलंय. ज्ञानेश्वर नाडकर्णी मराठीत चित्रांवर लिहीत होते. द. ग. गोडसे होते. शब्द होते आणि आहेत. फक्त भिंतीवर चिकटवायचा मजकूर जो लिहितो त्याला ते माहीत नाहीत, किंवा तो मजकूर शेवटच्या दिवशी भाषांतराला दिला जातो आणि मग जे येतं ते सरकारी परिपत्रकासारखं असतं. तसलं मराठी मला नकोच आहे. 'भौतिकतेचे अन्वेषण' लिहिणार असाल तर इंग्रजीच राहू द्या.

दुसरं उत्तर म्हणजे फिल्म आणि परफॉर्मन्स ही परदेशातून आलेली फॅशन आहे, आपल्या लोकांना ते झेपत नाही. हेही मला मान्य नाही. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, फिल्म करणारे यांना एकत्र आणून कार्यशाळा चालवली, तिथे चित्रकार नलिनी मालानी विशीत असताना फिल्म करत होत्या. चित्रकार तय्यब मेहतांनी १९७० साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी छोटी फिल्म केली, तिच्यात वांद्र्याचा कत्तलखाना आहे. आपल्याच शहरात पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टी आहेत या. त्या दाखवल्या जातात तेव्हा खोलीत वीस-पंचवीस माणसं असतात, एवढाच प्रश्न आहे.

झेपण्याबद्दल म्हणाल तर माझ्या आईचं सांगते. ती एकाहत्तर वर्षांची आहे, सातवीपर्यंत शिकलेली. गेल्या हिवाळ्यात तिला एका परफॉर्मन्सला घेऊन गेले. तिशीतली एक मुलगी जमिनीवर बसलेली, समोर तांदळाचा ढीग, दोन बाजूंना दोन ताटं. ती तांदूळ निवडत होती. एकेक दाणा उचलायचा, बघायचा, डाव्या किंवा उजव्या ताटात टाकायचा. तीन तास चालणार होतं. लोक येत होते, फोनवर फोटो काढून पाच मिनिटांत पुढे जात होते. आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं पाय दुखले म्हणून बसली असेल. पंधरा-वीस मिनिटांनी माझ्या कानाशी म्हणाली, "ती खडे काढत नाहीये गं. दोन्हीकडे चांगलेच दाणे टाकतेय."

मी नीट बघितलं. खरंच, खडा नव्हताच. दोन्ही ताटांत तोच तांदूळ.

"मग निवडतेय काय ती?" आई म्हणाली. आणि त्या प्रश्नावर ती सव्वा तास बसून राहिली. आम्हाला हातात दिलेल्या कागदावर दोन परिच्छेद होते, ते मी तिला वाचून दाखवले नाहीत. ट्रेनमध्ये ठाणं गेल्यावर ती म्हणाली, "आयुष्यभर मी हेच केलं बघ." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कार्यक्रमानंतर प्रश्नोत्तरं होती, पण ती इंग्रजीत होती.

आता वेळेचं. बहुतेक खासगी गॅलऱ्या अकराला उघडतात, सहा-सातला बंद होतात आणि रविवारी बंद असतात. नोकरी करणाऱ्या माणसाला रविवारच मोकळा, आणि तोच दिवस बंद. हे कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण महिन्यातला एक रविवार उघडा ठेवता येईल की नाही? जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो तेव्हा ठेवतातच. दुसरं, व्हिडिओ किती मिनिटांचा आणि पुन्हा कधी सुरू होणार, एवढं पडद्याबाहेर लिहा. जेवणाच्या सुट्टीत आलेल्या माणसाला मधूनच आत शिरून मधूनच निघावं लागतं. तिसरं, बसायला काहीतरी ठेवा. तीन तासांच्या परफॉर्मन्सला एक बाक नसतो.

आणि मुंबईबाहेरचं काय, असं माझ्या नगरच्या मैत्रिणीने विचारलंय. तिचं बरोबर आहे. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम करत आपल्या लोकलची, कामगारांची, लोअर परळची चित्रं काढत राहिले. त्यांनी २००८ च्या सुमाराला समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. खरी चित्रं, छापील प्रती नाहीत. एका चित्रकाराने पुढाकार घेतला आणि ते झालं. आज इतके पैसे या क्षेत्रात आलेत, मोठमोठे कला मेळे भरतात, मग तसं पुन्हा का होत नाही? सोलापूरला, नांदेडला, रत्नागिरीला प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत मिळत नाही असं तर नाही. फिल्म न्यायला तर चित्रांसारखी लाकडी पेटीही लागत नाही, एक पेनड्राइव्ह पुरतो.

मागणी मी फार लहान ठेवली आहे. भिंतीवर चार परिच्छेद इंग्रजीत असतील तर त्याखाली सहा ओळी मराठीत. कोण आहे, कुठला आहे, काय वापरून केलंय, कशाबद्दल आहे. लिहायला माणूस हवा असेल तर मी लिहून देईन, पैसे नकोत. माझ्यासारखे आणखी दहा जण हे वाचणाऱ्यांतच निघतील, कमेंटमध्ये हात वर करा.

आपल्या बाजूनेही एक. ग्रुपवर टाकलेलं माझं मराठी वाचून पहिल्या वर्षी चार जण माझ्याबरोबर गॅलरीत आले. आता प्रत्येक वेळी बारा-पंधरा असतात, त्यात आमच्या सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आणि त्याची दहावीतली मुलगी आहे. ती चित्रासमोर वही काढून बसते. बेल वाजवली की दार उघडतात हो. कोणी काही विचारत नाही.

येत्या शनिवारी फोर्टमधल्या दोन गॅलऱ्या बघायच्या आहेत आणि साडेसहाला एक फिल्म आहे, बावीस मिनिटांची. साडेतीन वाजता जहांगीरच्या पायऱ्यांवर भेटू. काय बघणार आहोत ते मराठीत लिहून आणते, प्रती भरपूर काढल्यात. आईपण येणार आहे, तिच्यासाठी घडीची खुर्ची घेतलीय.