अनुभवी नवोदित पाहिजे

आरोग्यविज्ञानातील संशोधनाला पैसा मिळत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. पैसा आहे, प्रशिक्षणही आहे; फक्त ही दोन्ही त्यांची गरज न उरलेल्या माणसासाठी राखून ठेवलेली असतात, आणि विद्यापीठात नव्याने रुजू झालेल्याने तो माणूस आपणच आहोत हे सिद्ध करायचे असते.

‘केवळ नवोदित संशोधकांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या योजनेचीच गोष्ट घ्या. अर्जदार नवोदित असावा. मात्र त्याच विषयावरचे त्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावेत, त्याने स्वतंत्रपणे काम केल्याचा पुरावा द्यावा आणि नियोजित अभ्यासाचे प्राथमिक निष्कर्ष सोबत जोडावेत. प्राथमिक निष्कर्ष म्हणजे ज्या कामासाठी पैसे मागायचे, ते बिनपैशाने निम्मेअधिक उरकल्याचा दाखला.

अभ्यासात किती रुग्ण घ्यावेत, हे विचारायला मी सांख्यिकीतज्ज्ञांकडे गेलो. उपचाराने रक्तदाबात किती फरक पडेल आणि मोजमापांचे प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीभोवती किती विखुरलेली असतात, हे किती असेल, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने मलाच विचारले. तेच शोधायचे आहे, असे म्हटल्यावर त्यांनी आधी एक छोटा पथदर्शी अभ्यास करण्याचा सल्ला दिला. सल्ला शास्त्रशुद्ध होता, आणि त्यालाही पैसे लागणार होते.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीने पुढचे दार दाखवले. अशा संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या पुढील आवृत्त्यांनुसार संशोधनाच्या आराखड्यात अर्थसाहाय्य कोठून येणार हे नमूद करावे लागते, आणि ही अट रुग्णांच्या हिताचीच आहे. त्यामुळे समितीला अनुदान देणाऱ्याचे नाव हवे होते, अनुदान देणाऱ्याला समितीचे मंजुरीपत्र हवे होते, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही व लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, या न्यायाने मी दोघांनाही एकमेकांचे पत्ते देत राहिलो.

मग विभागप्रमुखांनी प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळेला जायला सांगितले. तिच्या प्रवेशासाठी एक सविस्तर प्रस्ताव लिहून पाठवायचा होता, आणि ज्यांचे प्रस्ताव उत्तम असतील त्यांनाच प्रस्ताव लिहायला शिकवण्यात येणार होते. तरीही तिथे एक गोष्ट कामाची कळली. परीक्षक थकलेला असतो, पुढ्यातल्या गठ्ठ्याकडे पाहून आणखी थकतो, आणि पुष्कळदा उद्दिष्टांच्या पहिल्या पानावरच त्याचे मत बनते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रमुख अनुदानासाठी उद्दिष्टांना नेमके एकच पान आणि मुख्य आराखड्याला १२ पाने दिलेली असतात. त्या एका पानावर बाकीच्या बारांइतका घाम गाळावा, असे व्याख्याते म्हणाले.

घामाचा हिशेब ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रत्यक्ष मांडला आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेकडे २०१२ साली आलेले ३,७२७ प्रस्ताव तयार करण्यात सुमारे ५५० मनुष्यवर्षे गेली आणि त्यांतले २१ टक्के मंजूर झाले, असा त्यांचा अंदाज. उरलेल्यांचा वेळ एखाद्या रोगावर खर्च झाला असता, तर त्या रोगाची धडगत नव्हती.

विभागप्रमुखांनी माझे सांत्वन म्हणून नेदरलँड्समधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार दिला. गुणांच्या रेषेच्या किंचित वर राहून अनुदान मिळालेल्या तरुण संशोधकांना पुढच्या ८ वर्षांत, रेषेच्या किंचित खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. आणि याचे एक कारण असे, की हुकलेल्यांपैकी पुष्कळांनी पुढे अर्ज करणेच सोडले. तेव्हा अर्ज करत राहा, असे ते म्हणाले. हे सांगताना ते स्वतःचाच एक प्रस्ताव भरत होते आणि पोर्टल त्यांना वारंवार बाहेर काढत होते.

सध्या माझा ओढा न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेच्या पद्धतीकडे आहे. तिने २०१३ पासून एका योजनेत पात्र ठरलेल्या प्रस्तावांमधून चक्क सोडत काढायला सुरुवात केली आणि परीक्षकांपासून अर्जदारांची नावे झाकून ठेवली. अनुभव न विचारणारे इतके सभ्य अनुदान मी अन्यत्र पाहिलेले नाही. आमच्याकडेही असे काही सुरू करावे, असे मी सुचवले, तेव्हा कल्पना उत्तम असल्याचे सांगून मला तिचा रीतसर प्रस्ताव मागण्यात आला. सोबत प्राथमिक निष्कर्ष जोडायचे आहेत.