हेडलाईटले होल मारते का कोणी?

अरे ड्रिल मशीन घेऊन हेडलाईटले होल मारते का कोणी? चांगल्या, कुठंच न तडकलेल्या हेडलाईटले?

परवा रात्री आईले यवतमाळच्या दवाखान्यातून घेऊन येत होतो, दारव्हा रोडनं. झडी लागलेली, आन डाव्या लाईटमधी खाली बोटभर पाणी साचलेलं, वरच्या काचेवर थेंबच थेंब. उजेड रोडवर पडतच नाही, तिथंच काचेत पांढरा होऊन बसते. समोरून बंडी येत होती, ना कंदील ना रिफ्लेक्टर, बैलाचे डोळे चमकले म्हणून कचकन ब्रेक मारला. आईचं डोकं पुढच्या सीटले लागलं. सत्तर वर्षाची बाई आहे ती.

म्हणून सकाळीच गॅरेजले गेलो. तो म्हणे, "भाऊ, टेन्शन नका घेऊ, दहा मिनिटाचं काम आहे." मी टपरीवर चहा घ्यायले गेलो, येऊन पाहतो तं हा पठ्ठ्या बंपरखाली आडवा आन घर्रर्र आवाज. उठला, हात पुसले, म्हणे, "होल मारला खालून, आता पाणी आत राहतच नाही." वरून दोनशे रुपये मागतले! अरे पाणी निघते हे समजलं, पण घुसून कुठून राहिलं ते पाहिलं का तू? मागचं झाकण तरी उघडलं का? आता त्याच होलातून आपल्या इथली काळी माती आत जाईन, चिलटं जातीन, आन आतल्या रिफ्लेक्टरची चमक एकदा गेली का गेली, पुसायले जावं तं फडक्यालेच लागून येते.

आन मले शिकवते, "सगळ्याच गाड्याइच्या लाईटमधी ओल येते भाऊ." येते ना, मी कुठं नाही म्हणतो? लाईटले श्वास घ्यायले कंपनीनंच व्हेंट दिलेला असते, लाईट लावली का आतली हवा फुगते, बंद केली का थंड होऊन बाहेरची ओल ओढते. सकाळी बारीक धुकं धरते आन पंधरा-वीस मिनिटं लाईट चालू ठेवली का जाते. त्याच्यासाठी मी कामधंदा सोडून गॅरेजले येईन का बे? बोटभर पाणी म्हणजे धुकं नाही!

मंग घरी आणून मीच खोललं. बंपर सोडला, लाईट काढली, मागं पाहतो तं बल्बावरचं रबरच नाही. रबराची टोपी! उघडं भगदाड! तवा आठवलं, उन्हाळ्यात बल्ब गेला होता, मी साधा साठ-पंचावन्न वॅटचा हॅलोजन मागतला तं दुकानातल्या पोरानं "एलईडी टाका भाऊ, आजकाल सगळे तेच टाकतेत" म्हणून गळ्यात मारला. त्या एलईडीच्या मागं पंखा, पंख्यावर रबर बसत नाही, म्हणून काढून फेकून देलं त्यानं, सांगतलं सुद्धा नाही. आन तो एलईडी समोरून तापतच नाही हॅलोजनसारखा, तं आतली ओल वाळन कशी? हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधी बसवलेले हेच एलईडी समोरून आले का डोळ्यात सुया टोचल्यासारखं होते, रोज रात्री शिव्या देतो मी त्याइले.

शोरूमवाल्याइचं तं नावच काढू नका. लाईटले हात न लावता म्हणे पूर्ण असेंब्ली बदला. वॉशिंगवाला प्रेशरची गन नेमकी लाईटच्या फटीतच धरते, किती वेळा सांगतलं का बाबा दुरून मार. आन आमचे साळेबुवा, बुटाच्या डब्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या आत टाका म्हणे. टाकल्या होत्या मी, दोन दिवसात ओल्या होऊन पडल्या.

कालपासून लाईट खाटेवर उलटी ठेवली आहे, बायकोचा ड्रायर मंद करून दुरून फिरवतो, ऊन पडलं का अंगणात नेतो. व्हेंट चिखलानं बुजला होता, तो साफ केला. होल ब्युटाइलनं, म्हणजे त्या चिकट रबरी लांबीनं, बुजवला, आंबट वासाचं सिलिकॉन शेजारी देत होता ते नाही लावलं, त्याच्या वाफेनं रिफ्लेक्टर खराब होते. हॅलोजन बल्ब आणला. फक्त रबर नाही. दोन दुकानं पाहिली, म्हणतेत, नुसतं रबर येत नाही, पूर्ण लाईटच घ्या.

उद्या बाजाराचा दिवस आहे. जातो त्या एलईडीवाल्या पोराकडं. माह्या गाडीचं रबर कुठं फेकलं ते दाखव म्हणतो आधी.