कमरेला पिस्तूल आणि आरशात लाल-निळा दिवा

अभिनंदन! ग्रीन कार्ड झालं, घर झालं, बॅकयार्डात कढीपत्ता जगवून झाला आणि आता तुम्ही पिस्तूलही घेतलंत. टेक्सासात राहायचं म्हणजे एवढं तर हवंच. आईला फोनवर सांगितलं नाहीत, तेही बरं केलंत.

घाई केली नाहीत, हे त्याहून बरं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगली असतीत तर तो संघराज्याचा गुन्हा ठरला असता. त्याला पळवाट आहे म्हणा. शिकारीचा परवाना काढलेला असला की चालतं. म्हणजे कोड लिहायला आलेला माणूस हरणं मारायच्या तयारीत असेल तर सरकारची हरकत नाही, नुसताच कोड लिहीत असेल तर मात्र तो धोकादायक. आता ग्रीन कार्ड आलंय, तेव्हा हरणं वाचली.

कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, ही खूणगाठ आधी बांधून घ्या. पुढेमागे तिचा उपयोग तुमच्या वकिलाला होईल. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या खटल्यात सांगून टाकलं की स्वसंरक्षणासाठी घराबाहेर शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. टेक्सासात तर 1 सप्टेंबर 2021 पासून त्यासाठी परवानाही लागत नाही. तरीसुद्धा तुम्ही तो काढलात. वर्गात बसलात, नेम धरून दाखवलात, बोटांचे ठसे दिलेत, फी भरलीत. आपण कागदपत्रांची माणसं, कागद नसला की आपल्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. तर या सचोटीचं फळ असं: पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि तुमच्याजवळ पिस्तूल असलं, तर परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर शस्त्र परवानाही दाखवायचा, असा नियम आहे. ज्याने परवाना काढलाच नाही त्याला दाखवायचं बंधन नाही. न दाखवल्यास शिक्षा? ती 2009 सालीच काढून टाकली. पण शिक्षा नाही म्हणून प्रसाद न घेता निघू नका, साधुवाण्याचं काय झालं ते आठवा.

असो. तर एके दिवशी आरशात लाल-निळे दिवे लुकलुकणार. ते सगळ्यांनाच दिसतात, महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनाही दिसले आहेत. तेव्हा काय करायचं, त्यासाठी हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट, गाडीतून उतरू नका. मला माहीत आहे, हात दाराच्या कडीकडे जाणारच. पुण्यात अलका चौकात पोलीसमामांनी बाजूला घ्यायला सांगितलं की आपण काय करतो? गाडी लावतो, उतरतो, शर्ट खाली ओढतो आणि चेहऱ्यावर अपराधी हसू आणून मामांच्या शक्य तितक्या जवळ जाऊन उभे राहतो. ‘साहेब, काय झालं?’ आत बसून राहिलात तर मामा म्हणणार, साहेब फारच मोठे दिसतात, काढा पीयूसी. तिकडे उतरणं हा नम्रपणा आहे. इकडे तोच हल्ल्याचा पवित्रा समजला जातो. चेहऱ्यावरचं ते हसूही तिकडेच ठेवून या.

पोलिसाने उतरायला सांगितलं तर मात्र ताबडतोब उतरा. ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच देऊन ठेवलं आहे. पेनसिल्व्हेनियात एकाला मुदत संपलेल्या नंबरप्लेटवरून थांबवलं, खाली उतरवलं, तर जाकिटाखाली फुगवटा दिसला आणि आतून रिव्हॉल्व्हर निघालं. न्यायालय म्हणालं, चालकाला उतरवणं ही फार तर किरकोळ गैरसोय, पोलिसाचा जीव तिच्याहून मोलाचा. तेव्हापासून किरकोळ गैरसोय ही चालकाची आणि जीव हा पोलिसाचा, अशी वाटणी ठरलेली आहे.

दुसरी गोष्ट हातांची. काच खाली, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या ठिकाणी, बोटं पसरून. टेक्सासात 2017 च्या कायद्याने नववीपासून पुढच्या मुलांना पोलिसाने थांबवल्यावर कसं वागायचं हे शाळेत शिकवतात, यावरून विषयाचं गांभीर्य कळावं. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला हात न हलवता बोलता येत नाही. साधं ‘नाही हो’ म्हणताना तुमचा पंजा हवेत फिरतो. रोज सकाळी आरशासमोर हात बांधून दहा मिनिटं बोलायचा सराव करा. राजकारणावर बोललात तर सराव लवकर पक्का होईल.

आता जरा बारकाईने बघू. तुम्ही उजव्या हाताचे, म्हणून होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, उजव्या कमरेला, किंचित मागे. तुमचं पाकीट पँटच्या उजव्या मागच्या खिशात, कॉलेजपासून तिथेच. आणि सीटबेल्टचं बक्कल? तेही चालकाच्या उजव्याच बाजूला. म्हणजे जे मागितलं जाणार आहे ते लायसन्स, जे सोडल्याशिवाय पाकीट निघत नाही ते बक्कल आणि ज्याला अजिबात हात लावायचा नाही ते पिस्तूल, तिन्ही एका वितीत. बाहेर उभ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त एक कोपर, मागे जाणारा. काही शहाणे यावर उपाय म्हणून पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात, म्हणजे ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवतात. तिथेच रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद असतात. पोलीस म्हणतो कागद दाखवा, तुम्ही आज्ञाधारकपणे झाकण उघडता, आणि पहिलं दर्शन पिस्तुलाचं. डॅशबोर्डवरचा गणपती त्या क्षणी कुणाच्या बाजूने आहे, ते सांगता येत नाही.

सहप्रवाशांनाही आधीच बजावून ठेवा. बायकोने ‘मी तुम्हाला म्हटलं होतं हळू चालवा’ हे वाक्य किमान पोलीस जाईपर्यंत गिळावं. मागच्या सीटवरच्या चिरंजीवांनी ‘बाबा, गन आज कुठे ठेवलीय?’ असं निरागसपणे विचारू नये.

तिसरी गोष्ट, सांगायचं कसं. ‘आय हॅव अ गन’ हे वाक्य बँक लुटणारे वापरतात, तेव्हा ते नको. ‘ऑफिसर, माझ्याकडे परवाना आहे, मी आत्ता शस्त्र बाळगून आहे, मी काय करू?’ असं शांतपणे, हात न हलवता म्हणायचं. कधी म्हणायचं ते राज्यावर अवलंबून आहे. मिशिगनमध्ये थांबवल्याबरोबर लगेच. नाही सांगितलंत तर पहिल्या खेपेला 500 डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. काही राज्यांत विचारलं तरच. राज्याची सीमा ओलांडली की सत्य बोलायची वेळ बदलते, तेव्हा जीपीएसवर लक्ष असू द्या.

आणि सांगायची संधी मिळेलच असं धरून चालू नका. जून 2011 मध्ये ओहायोतल्या कँटन शहरात एका परवानाधारकाने हाच प्रयत्न केला होता. तेव्हा तिथे पोलिसाला तत्परतेने सांगणं बंधनकारक होतं. गडी परवाना हातात धरून बसला होता. तोंड उघडलं की पोलीस गप्प बसवायचे. शेवटी कसंबसं वाक्य पुरं झालं, तसा पोलिसाचा तोल सुटला. तुझं पिस्तूल दिसल्याबरोबर दोन पावलं मागे सरून दहा गोळ्या घालायला हव्या होत्या, अशा अर्थाचं तो जे काही बोलला, ते पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलं. आणि त्या चालकावर आरोप कोणता ठेवला? शस्त्राची माहिती तत्परतेने दिली नाही. पुढे तो आरोप टिकला नाही, पोलिसालाही कामावरून काढलं, पण हे सगळं चित्रफीत बाहेर आल्यावर. 2022 मध्ये ओहायोने नियमच बदलला, आता विचारलं तर सांगायचं. बहुधा सगळ्यांचाच घसा बसला असावा.

फिलाडेल्फियाकडच्या वाचकांसाठी खास सूचना. दिवाळीच्या फराळाला एडिसनला जाताना डेलावेअर नदी लागते. पुलाच्या अलीकडे तुम्ही सन्माननीय परवानाधारक. पलीकडे न्यू जर्सी, जी तुमचा पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्याच, दोन मुलांच्या आईला न्यू जर्सीत साध्या वाहतूक नियमावरून थांबवलं. तिने शिकवल्याप्रमाणे आपणहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, हा परवाना. तिला अटक झाली. गुन्हा असा की शाबीत झाला तर किमान साडेतीन वर्षं आत. मग देशभर आरडाओरडा झाला आणि एप्रिल 2015 मध्ये तिथले तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. खरं बोलण्याचं बक्षीस मिळतं, नाही असं नाही, दीड वर्ष लागतं आणि गव्हर्नरची सही लागते. तेव्हा त्या दिवशी चकल्या घेऊन जा आणि बाकीचं घरी ठेवा.

इथवर वाचून मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे डबापार्टीत, कुणीतरी नक्की म्हणणार, ‘अहो, हे सगळं त्या लोकांसाठी. आपल्याला कोण हात लावतंय? आपण डॉक्टर-इंजिनिअर.’ बरोबर आहे. पोलिसाला वीस फुटांवरून तुमची एम.एस.ची डिग्री दिसतेच. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले 57 वर्षांचे आजोबा सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला की एक काळा माणूस संशयास्पद हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मानेच्या मणक्याला इजा होऊन अंग अंशतः लुळं पडलं. त्यांच्याकडे पिस्तूल नव्हतं. खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला मोकळं केलं. ‘आपण’ आणि ‘ते लोक’ यातला फरक पॉटलकच्या टेबलावर जितका ठळक दिसतो, तितका रस्त्यावर दिसत नाही.

राहता राहिला तो माणूस, ज्याने वरच्या सूचना जवळपास जशाच्या तशा पाळल्या. फिलँडो कॅस्टील, वय 32, सेंट पॉलच्या एका मॉन्टेसरी शाळेच्या उपाहारगृहाचा पर्यवेक्षक. शस्त्राचा परवाना होता. पोलिसांनी त्याला त्याआधी 40 हून अधिक वेळा गाडी चालवताना थांबवलं होतं, म्हणजे सरावही तुमच्याआमच्यापेक्षा दांडगा. 6 जुलै 2016 च्या रात्री मिनेसोटात फाल्कन हाइट्सला त्याची गाडी थांबवली. त्याला सांगितलेलं कारण ब्रेकलाइट. पोलिसांच्या रेडिओवर सांगितलेलं कारण निराळं: चालक एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक रुंद आहे. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी.

पोलिसाने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं. कॅस्टीलने इन्शुरन्सचं कार्ड दिलं. मग न विचारता, ‘सर’ म्हणून, शांत आवाजात सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे. मिनेसोटात न विचारता सांगायची सक्ती नाही, तरी सांगितलं. पोलीस म्हणाला, त्याला हात घालू नकोस. तो म्हणाला, मी ते काढत नाहीये. मैत्रीणही म्हणाली, तो काढत नाहीये. मागितलेलं लायसन्स अजून द्यायचं राहिलंच होतं आणि ते कुठे असतं ते आपण वर पाहिलं. शस्त्राचं सांगितल्यापासून जेमतेम दहा सेकंदांत सात गोळ्या झाडून झाल्या होत्या. मैत्रिणीने त्यानंतरचं सगळं फेसबुकवर थेट दाखवलं आणि त्याही अवस्थेत ती पोलिसाला ‘सर’च म्हणत होती. नम्रतेत उणीव काढायला जागा नाही.

पोलीस कोर्टात म्हणाला, मला माझ्या जिवाची भीती वाटली. 16 जून 2017 रोजी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. शस्त्र बाळगायच्या हक्कासाठी एरवी आकाशपाताळ एक करणारी राष्ट्रीय रायफल संघटना गोळीबारानंतर दोन दिवसांनी, मृताचं नाव न घेता म्हणाली की बातम्या चिंताजनक आहेत, तपास होईपर्यंत काही बोलणार नाही.

अर्थात धडा घेतला गेलाच नाही, असं मात्र म्हणू नका. त्यानंतर मिनेसोटाच्या वाहनचालक पुस्तिकेत शस्त्र बाळगणाऱ्यांसाठी सूचना आल्या. हात दिसतील असे ठेवा, परवाना आणि शस्त्र असल्याचं पोलिसाला सांगा, तो सांगेल तसं करा. पुस्तिका फुकट आहे, पीडीएफ उतरवून घेता येते. छापून जवळ ठेवा. फक्त ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवू नका, काढायला हात घालावा लागेल.