फलाट नंबर शून्य

मुंबईत गाडीत चढणं ही शारीरिक परीक्षा असते. संध्याकाळी सहाला दादरला जो ती पास झाला, त्याला जगातली कुठलीही गाडी पकडता येईल असा आपला एक लाडका समज असतो. हा समज लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात धारातीर्थी पडतो. इथे कोणी ढकलत नाही, कोणी बॅग खिडकीतून आत टाकत नाही, कोपर वापरायची संधीच मिळत नाही. इथली परीक्षा लेखी आहे आणि तिचा अभ्यास बारा आठवडे आधी सुरू करावा लागतो.

प्रवास कागदावर अगदी साधा. किंग्ज क्रॉस ते एडिंबरा वेव्हर्ली, ३९३ मैल, म्हणजे ६३२ किलोमीटर. सव्वाचार-साडेचार तास. सकाळी लंडनमध्ये नाश्ता करून निघालं तर स्कॉटलंडमध्ये दुपारचं जेवण. एवढ्यात आपल्याकडे माणूस पुण्याहून ठाण्याच्या लग्नाला वेळेवर पोहोचला तरी त्याचं कौतुक होतं. पण तिकिटाच्या पानावर गेलं की कळतं, ३९३ मैल हा या प्रवासातला सोपा भाग आहे.

तिकिटांच्या जाती आधी समजून घ्या. 'अ‍ॅडव्हान्स' हे स्वस्त. साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतं, स्वस्तातली आधी संपतात. ते फक्त ठरलेल्या गाडीचं, पैसे परत नाहीत, आणि मधेच वाटेत उतरायलाही नियमाने बंदी. यॉर्कला मावसबहीण राहते, म्हणून तिच्याकडे चहा घेऊन पुढची गाडी पकडू, असं म्हणता येत नाही. 'एनीटाइम' म्हणजे कुठल्याही गाडीने जा. त्याची किंमत वाचताना शेजारी कोणीतरी धरायला असावं. या दोघांच्या मधे 'ऑफ-पीक' नावाचं एक समंजस तिकीट असायचं. २०२४च्या फेब्रुवारीत एलएनईआरने, म्हणजे या गाड्या चालवणाऱ्या कंपनीने, लंडन-एडिंबरा मार्गावर ते काढून टाकलं आणि '७० मिनिट फ्लेक्स' आणलं. म्हणजे तुम्ही निवडलेल्या गाडीच्या सत्तर मिनिटं आधीची किंवा सत्तर मिनिटं नंतरची गाडी चालेल. साठ नाही, नव्वद नाही, सत्तर. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांचा असतो, तो काढणारे गुरुजी निवृत्तीनंतर बहुधा इकडे आले असावेत. या सगळ्या प्रयोगाचं नाव 'सिम्पलर फेअर्स', म्हणजे सोपी भाडी.

त्यावर रेलकार्ड. वर्षाला ३५ पौंड, भाड्यात एक तृतीयांश सूट. नव्वद पौंडांच्या तिकिटावर तीस सुटतात, म्हणजे एका जाण्यायेण्यात कार्डाचे पैसे वसूल होऊन वर चहाचे निघतात. हे न घेणारा मराठी माणूस मला अजून समजायचा आहे. पण कार्डंही एक नाही. सोळा ते पंचवीस वयाचं वेगळं, सव्वीस ते तीसचं वेगळं, साठीच्या पुढचं वेगळं. एकतिशी ते साठी हा जो कमावण्याचा, म्हणजे कापला जाण्याचा काळ, त्याला एकट्याने फिरताना देशभर चालणारं साधं कार्ड नाही. त्याने लग्न करावं किंवा मित्र धरावा आणि 'टू टुगेदर' घ्यावं. त्यावर दोघांचे फोटो असतात आणि दोघांनी सगळा प्रवास एकत्रच करायचा असतो. वाटेत न्यूकॅसलला भांडण झालं तरी एडिंबरापर्यंत शेजारी बसा, सूट चालू आहे. 'फॅमिली अँड फ्रेंड्स' कार्डात मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. अट एवढीच की पाच ते पंधरा वयाचं एक तरी मूल बरोबर हवं. भाचे उसने मिळण्याचं शास्त्र आपल्याकडे प्रगत आहे, त्याचा इथे उपयोग होतो.

आणि ज्याला हेही पुरत नाही, तो तिकीट फोडतो. एकाच गाडीचं लंडन-यॉर्क एक आणि यॉर्क-एडिंबरा एक, अशी दोन तिकिटं काढली की कधी कधी एका सलग तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. हे पूर्ण कायदेशीर आहे, अट इतकीच की जिथे तिकीट फोडलंय तिथे गाडी थांबली पाहिजे. फक्त दोन तिकिटांवर दोन वेगळ्या सीट मिळू शकतात. मग यॉर्क आलं की माणूस डबा, कोट, चार्जर आणि अर्धी बिस्किटं गोळा करून त्याच गाडीत स्वतःचीच बदली करून घेतो. चौदा पौंड वाचवल्याचं तेज मात्र तोंडावर असतं.

आता स्टेशन. भुयारी रेल्वेतून वर आलं की शेजारी शेजारी दोन स्टेशनं. एक कळस-मनोरे, लाल विटा, टोकदार कमानी असलेलं. ते पाहून आपल्याला भरून येतं, हे तर आपलं व्हीटी! पाय तिकडेच वळतात. ते सेंट पॅन्क्रस. तिथून पॅरिसची गाडी सुटते, एडिंबराची नाही. आपलं स्टेशन पलीकडचं, पिवळसर विटांचं, दोन मोठ्या कमानींचं, १८५२ सालचं साधं किंग्ज क्रॉस. व्हीटीची आठवण आली की समजावं, रस्ता चुकला.

आत फलाटांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. २०१० साली एक नंबरच्या पलीकडे नवा फलाट बांधला. बाकी सगळ्यांचे नंबर बदलण्यापेक्षा त्याला शून्य देऊन टाकलं. शून्याचा शोध आपला, त्यावर गाडी लावली त्यांनी. तुमची गाडी कुठल्या फलाटावर आहे हे मात्र सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीपर्यंत कळत नाही. तोवर काही शे माणसं बॅगांची मुठी धरून, माना वर करून, बोर्डाकडे एकटक बघत उभी असतात. काकड आरतीला पडदा सरकायची वाट बघणारे भाविक आठवावेत. बोर्डावर आकडा उमटतो आणि गर्दी हलते. पण पळत नाही! इंग्रज माणूस पळत नाही, तो फक्त गुडघे न वाकवता विलक्षण वेगाने चालतो. आपण पळालो तर ते बाजूला होऊन वाट देतात आणि वर आपल्यालाच सॉरी म्हणतात. दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, म्हणजे १०:०० ची गाडी ९:५८ लाच संपली. धावत्या गाडीचा दांडा धरण्याचं आपलं कसब इथे वाया जातं, दांडाच नाही.

गाडीचं नाव अझुमा, जपानी भाषेत पूर्व दिशा. हिताची कंपनीची, २०१९ पासून धावणारी. काही गाड्या नऊ डब्यांच्या, काही पाच-पाच डब्यांच्या दोन जोडून दहाच्या. यातली दहाची गाडी कपटी. दोन्ही अर्ध्यांच्या मधे गाड्यांची निमुळती नाकं आहेत, वाट नाही. चुकीच्या अर्ध्यात चढलात तर तुमची सीट शंभर मीटरवर आहे, पण तिथे जाता येत नाही. पुढच्या थांब्याला उतरून, फलाटावरून (इथे पळायला हरकत नाही) दुसऱ्या अर्ध्यात शिरायचं. म्हणून आधी डब्याचं अक्षर बघा, मग चढा. आणि पाच डबे कमी येऊन निम्मीच गाडी लागली तर आरक्षणं रद्द झाल्याची घोषणा होते. त्या क्षणी मात्र दादरच्या शिक्षणाचं चीज होतं.

सीटच्या वर दिवे असतात. हिरवा म्हणजे मोकळी, लाल म्हणजे राखीव, पिवळा म्हणजे आत्ता मोकळी, पण पुढच्या एका स्टेशनपासून कोणाचीतरी. पिवळ्याखाली बसणाऱ्याची अवस्था भाडेकरूसारखी. ते स्टेशन आलं की एक बाई शेजारी येऊन उभी राहते आणि हळूच म्हणते, "सॉरी, कदाचित माझंच चुकत असेल, पण..." याचं मराठी भाषांतर "उठा" असं आहे. मोठी बॅग डोक्यावरच्या फळीत जात नाही. विमानाची तेवीस किलोची तर नाहीच. ती डब्याच्या टोकाच्या रॅकमध्ये, आणि रॅक पहिल्या दहा माणसांत भरतो. 'खिडकीची सीट' घेतानाही नकाशा बघावा, काही खिडकीच्या सीटना खिडकीऐवजी भिंत असते. सव्वाचार तास फिकट राखाडी प्लास्टिक बघण्यात अध्यात्म आहे, पण त्यासाठी एवढे पैसे नकोत.

उत्तरेकडे जाताना उजवी बाजू घ्या. डरहॅमचं कॅथेड्रल तिकडे, आणि न्यूकॅसलनंतर समुद्रही तिकडे. कोकण रेल्वेत नावात कोकण असून समुद्राऐवजी बोगदे मोजावे लागतात, इथे सरहद्दीजवळच्या बेरिक गावाच्या अलीकडे-पलीकडे रुळांच्या अगदी पायाशी पाणी. बेरिकला ट्वीड नदीवर अठ्ठावीस कमानींचा रॉयल बॉर्डर ब्रिज लागतो, १८५० चा, रॉबर्ट स्टीफन्सनचा. हेच गृहस्थ मुंबई-ठाणे पहिली गाडी चालवणाऱ्या आपल्या जीआयपी रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर होते, त्यामुळे ठाण्याच्या माणसाने पुलावरून जाताना हात जोडायला हरकत नाही. पुलाचं नाव बॉर्डर, पण इंग्लंड-स्कॉटलंडची सरहद्द अजून पाच-एक किलोमीटर पुढे आहे. वाशीला उतरून नवी मुंबई सुरू झाली की अजून व्हायचीये, असा घोळ इथेही आहे.

जेवणाचं म्हणाल, तर १८६२ साली सकाळी दहाला सुटणाऱ्या गाडीला एडिंबराला साडेदहा तास लागत आणि यॉर्कला जेवायला अर्धा तास थांबा असे. तो थांबा गेला, भूक राहिली. स्वतःचा डबा खायला बंदी नाही. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, तिळाची चटणी, हे निर्धोक. लसणाच्या चटणीबद्दल माझं मत असं की डबा उघडायचा तर एका दमात उघडावा. हळूहळू उघडला तर वास हप्त्याहप्त्याने पसरतो आणि लोक जास्त विचार करतात. गाडीतल्या शांतता डब्यात (क्वाएट कोच) फोनवर बोलायला मनाई आहे, वासाबद्दल नियमात अवाक्षर नाही. मोठ्या टॉयलेटचं दार बटणावर चालत असेल तर एक लक्षात ठेवा: दार बंद करणं आणि दाराला कुलूप लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करून समाधान मानणाऱ्यांचं दार बाहेरचा माणूस बटण दाबून, नाटकाच्या पडद्यासारखं, अतिशय सावकाश उघडतो.

गाडी ताशी २०१ किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे १२५ मैल. याच मार्गावर ग्रँथमच्या दक्षिणेच्या उतारावर मॅलार्ड नावाच्या वाफेच्या इंजिनाने ३ जुलै १९३८ ला १२६ मैल गाठले होते. हे सगळं गाडी सुरळीत धावते तोवर. मग काय बिघडतं? या मार्गाच्या बऱ्याच भागात विजेच्या तारा चारही रुळांवरून आडव्या ताणलेल्या एकाच जाळ्यावर लटकतात. चाळीत चार बिऱ्हाडांची धुणी एका दोरीवर घातल्यासारखं. दोरी तुटली की चौघांचे कपडे मातीत. अझुमाला डिझेल इंजिन आहे, काहींना पाच, काहींना अडीअडचणीपुरतं एकच. पुढची गाडी अडकली असेल तर त्याचा उपयोग एसी चालू राहण्यापुरता. शरद ऋतूत पानं पडतात, चाकाखाली चिरडून रुळावर त्यांचा गुळगुळीत थर बसतो आणि चाकं घसरतात. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायला वेगळी गाडी फिरते. उन्हाळ्यात रूळ फुगतात. इथले रूळ साधारण २७ अंशांच्या हिशेबाने ताणून बसवलेले. नागपूरकरांनी इथे थांबून हसून घ्यावं, मी वाट बघतो. १९ जुलै २०२२ ला पारा चाळीस ओलांडून गेला, तेव्हा किंग्ज क्रॉस ते यॉर्क गाड्याच बंद ठेवल्या होत्या.

पण उशीर झाला की डब्यात जी जान येते ती बघण्यासारखी. अर्धा तास उशीर झाला तर त्या बाजूचं निम्मं भाडं परत, एक तास झाला तर पूर्ण. अर्ज अठ्ठावीस दिवसांत. अट एवढीच की उशीर तुमच्या शेवटच्या स्टेशनात पोहोचल्यावर मोजतात. न्यूकॅसलला गाडी चाळीस मिनिटं मागे असते तेव्हा लोक चुकचुकत असतात. डनबारच्या पुढे ती एकतीस मिनिटांवर येते आणि डब्याचा नूर पालटतो. ड्रायव्हर वेळ भरून काढतोय! सगळ्यांच्या नजरा घड्याळावर. मसलबरा गेलं, एकोणतीस. ज्याने तीनशे मैल रेल्वेला नावं ठेवली तोच आता देव पाण्यात घालून सिग्नल लाल पडायची वाट बघतो. वेव्हर्लीच्या तोंडाशी गाडी थबकते. कोणीतरी पुटपुटतं, "थँक गॉड."

वेव्हर्ली स्टेशन दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात आहे. प्रिन्सेस स्ट्रीटला वर जाणाऱ्या जिन्यावर वारा असा येतो की छत्री उघडू नये, उघडल्यास आपली समजू नये. वर पोहोचलं की समोर बाल्मोरल हॉटेलचा मनोरा आणि त्यावर भलं मोठं घड्याळ. ते वर्षभर मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, लोकांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून. फक्त ३१ डिसेंबरला बरोबर लावतात. परतीच्या दिवशी दहाच्या गाडीचा हिशेब असा करावा: घड्याळात दहा वाजले म्हणजे खरे ९:५७, दारं बंद होणार ९:५८ ला, आणि हाताशी एक मिनिट, तेवीस किलो आणि सगळा जिना.